सेंद्रिय बटाटा : आधी गावाची शेतीशाळा, मग शेत

(आकाशवाणीवरील शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



गावोगाव फिरताना हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, रासायनिक खत आणि औषध न वापरता बटाटा येतो का?" येतो. पण हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं असं की, चारी बाजूंनी ज्याची त्याची रीत वेगळी असताना मधल्या एकट्याच्या वावरात तो येणं फार कठीण. ज्वारी-बाजरीचं एक वेळ जमून जाईल, बटाट्याचं तसं नाही. करप्याचं बीज वाऱ्यावर येतं. पाकोळी बांध ओलांडून येते. हुमणीचा भुंगेरा तुमच्या बांधावरच्या बाभळीवर बसतो आणि अंडी शेजाऱ्याच्या रानात घालतो. म्हणून आज मी एकट्या शेतकऱ्याशी न बोलता वाडीशी, गावाशी बोलणार आहे. सेंद्रिय बटाटा करायचा असेल तर आधी गावात त्याची शेतीशाळा भरवा, एवढंच माझं सांगणं आहे.

आता ही सावधगिरी कशासाठी? आपल्या आंबेगाव-खेडच्या पट्ट्यात, विशेषतः सातगाव पठारावर, खरिपाचा बटाटा हेच अनेक घरांचं नगदी पीक. एकराला सहा ते आठ क्विंटल बेणे लागते. म्हणजे जमिनीत पहिला कोंब दिसण्याआधीच घरातला, नाहीतर उसनवारीचा, मोठा पैसा मातीत गेलेला असतो. कुणाचं तरी ऐकून पहिल्याच वर्षी सबंध एकर सेंद्रिय केला आणि श्रावणात आठ दिवस झिमझिम लागून करपा आला, तर त्या घराचं वर्ष गेलं. आणि गावात सेंद्रिय शेतीचं नाव पुढं दहा वर्षं कुणी काढणार नाही. म्हणून पहिल्या हंगामात एकर नको. गावाने मिळून चार गुंठे निवडावे. दोन गुंठ्यांत आपली नेहमीची पद्धत, शेजारच्या दोन गुंठ्यांत सेंद्रिय. बेणे एकच, लावणी एकाच दिवशी, पाणी-पाऊस एकच. जो फरक पडेल तो डोळ्यांसमोर पडेल.

एक पथ्य मात्र पाळा. वेफर्सच्या कंपनीशी ज्यांचा करार आहे, त्यांनी कराराच्या रानात हा प्रयोग करू नये. तिथं बेणे, फवारणी आणि माल यांच्या अटी आधीच ठरलेल्या असतात.

शेतीशाळा हा शब्द तुमच्या कानांवरून गेला असेल. १९८९ साली इंडोनेशियात भातावरच्या किडींसाठी अशा शाळा सुरू झाल्या. पुढे १९९० नंतरच्या दशकात पेरू देशात त्या बटाट्यासाठी भरू लागल्या. पेरूच्या डोंगराळ मुलखाला बटाट्याचं माहेरच म्हणायला हवं, आणि तिथल्या शेतकऱ्यांनाही करप्यानेच जेरीस आणलं होतं. या शाळेत फळा नाही, परीक्षा नाही. वीस-पंचवीस जणांनी आठवड्यातून एकदा सकाळी लवकर प्लॉटवर जमायचं, पाच-पाच जणांचे गट करायचे. प्रत्येक गटाने काही झाडं नीट पाहायची. पानाची खालची बाजू पाहायची, किडे मोजायचे, त्यांतले शत्रू कोणते, मित्र कोणते ते पाहायचं. मग मोठ्या कागदावर झाडाचं चित्र काढायचं. एका बाजूला कीड, दुसऱ्या बाजूला तिला खाणारे ढालकिडे, कोळी. वर ढग की ऊन, खाली मातीत ओल किती. मोठी माणसं चित्र काढायला पहिल्यांदा लाजतात. दुसऱ्या आठवड्यापासून चित्रावरून भांडणं सुरू होतात, आणि ती व्हायलाच हवीत. त्या भांडणातून ठरतं, की या आठवड्यात काय करायचं आणि काय करायचं नाही.

आता पावसाआधीच्या कामाकडे येऊ. खरं तर शाळेचा पहिला वर्ग प्लॉटवर भरतच नाही, तो रात्री बांधावर भरतो. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला, की त्या संध्याकाळपासून हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर पाला खायला व मीलनाला जमतात. अंधार पडल्यावर झाडाखाली जुनं धोतर किंवा ताडपत्री अंथरावी, काठीला आकडी लावून फांदी हलवावी, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून साबणाच्या किंवा थोडे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकावेत. सलग काही रात्री हे करायचं. इथं मारलेली एकेक मादी म्हणजे पुढच्या कितीतरी अळ्या कमी. पण चार घरांनी केलं आणि बाकीच्या चाळीसांनी नाही, तर त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून ही मोहीम ग्रामपंचायतीने दवंडी देऊन, हल्लीच्या भाषेत मोबाइलवर निरोप पाठवून, एकाच रात्री साऱ्या शिवारात करावी. पोरांना बरोबर घ्या. त्यांच्याइतके भुंगेरे मोठ्यांना सापडत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

याच सुमारास, म्हणजे ३० मे रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाने ठरवलेला आंतरराष्ट्रीय बटाटा दिवस येतो. २०२४ पासून तो पाळला जातो. सूचना पेरू देशाची. असले दिवस बहुधा भाषणात आणि हारतुऱ्यात जातात. पण आपल्याकडे ही तारीख नेमकी खरिपाच्या लावणीआधी पडते, तेव्हा तिचा उपयोग करून घ्यावा. त्या दिवशी गावात बेण्याचा मेळावा भरवावा.

मेळाव्यात करायचं काय, ते सांगतो. विलायतेत जानेवारी ते मार्च या महिन्यांत ठिकठिकाणी असे बटाटा मेळावे भरतात. तिथं कितीतरी जातींचं बेणे मांडलेलं असतं आणि ते नगावर मिळतं. ज्याला पाच जातींचे दोन-दोन बटाटे लावून पाहायचे, तो तेवढेच घेऊन घरी जातो. आपल्याकडे मंचरच्या बाजारात गेलात तर अख्खी गोणी घ्यावी लागते, त्यामुळे लहान शेतकरी नवी जात कधी लावूनच पाहत नाही. गावाने मिळून दोन-तीन जातींची एकेक गोणी आणली आणि मेळाव्यात वाटून घेतली, तर ही अडचण राहत नाही. कुफरी ज्योती आपल्या ओळखीची, १९६८ साली प्रसारित झालेली. तेव्हा ती करप्याला दाद देत नव्हती. आज तसं म्हणता येत नाही. १९७२ ची कुफरी लवकर तर नावातच मराठी घेऊन आलेली. ती पठारी मुलखासाठी काढलेली, उष्णता सोसणारी आणि लवकर तयार होणारी. १९९८ ची कुफरी पुखराज अनेकांनी लावलेली आहे. सबंध शिवारात एकच जात असणं धोक्याचं. १८४५ पासून आयर्लंडमध्ये करप्याने बटाटा गेला आणि सुमारे दहा लाख माणसं भुकेने व रोगराईने मेली. त्याच्या कारणांत राज्यकर्त्यांचा दोष मोठा होता, पण गोरगरिबांच्या रानात बहुतेक एकच जात होती, हेही एक कारण होतंच.

बेणे निवडताना डोळस राहा. खरिपात अख्खे, तीस-चाळीस ग्रॅमचे, कोंब फुटू लागलेले बेणे लावावे. कापलेली फोड ओल्या जमिनीत कुजते. कोल्ड स्टोरेजमधून काढलेली गोणी तशीच शेतात नेऊ नये. आठ-दहा दिवस सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून ठेवावी, म्हणजे कोंब आखूड आणि जाड येतात. लांब, पांढरे कोंब लावताना मोडतात. रब्बीत कापून लावणार असाल तर प्रत्येक फोडीला किमान दोन डोळे ठेवा. नासका बटाटा कापला गेला तर तोच विळा पुढच्या बटाट्याला लावू नका, आधी उकळत्या पाण्यात धरा. फोडी सावलीत सुकवून राख लावून मग लावाव्यात.

घरचंच बेणे वर्षानुवर्षं का चालत नाही, हेही शाळेत समजून घ्या. मावा झाडाचा रस पितो आणि एका झाडाचा विषाणुरोग दुसऱ्याला देतो. तो रोग बेण्यातून पुढच्या वर्षी उतरतो. म्हणून आपण पंजाबचं बेणे आणतो. तिथं माव्याचा उपद्रव नसतो त्या काळात बेण्याचं पीक घेऊन, मावा वाढायच्या आत पाला कापून टाकतात. तरी एक वर्ष घरचं बेणे वापरायची वेळ आली, तर केनियातल्या शेतकऱ्यांनी वापरलेली एक युक्ती करून बघा. झाडं हिरवीगार, फुलोऱ्याच्या सुमारास असताना सर्वांत निरोगी झाडांजवळ काठी रोवून खूण करा. पुढं त्यांतलं जे झाड आजारी दिसेल त्याची काठी उपटा. काढणीला काठीची झाडं वेगळी काढा आणि त्यांचंच बेणे ठेवा. आपण बहुधा उलट करतो. मोठा माल बाजारात आणि बारीक उरलेला बेण्याला. रोगट झाडालाच बारीक बटाटे येतात, हे लक्षात येत नाही.

खताबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. सेंद्रिय म्हणजे काही न घालणं असा समज काही ठिकाणी दिसतो, तो काढून टाका. बटाटा खादाड पीक आहे. चांगल्या कुजलेल्या एक टन शेणखतात नत्र साधारण पाच किलो. एकरी दहा टन टाकलं तर पन्नास किलो झालं, पण पहिल्या पिकाला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो, बाकीचं पुढच्या पिकांना. निंबोळी पेंड शंभर किलो घातली तर चार-पाच किलो नत्राची भर. म्हणजे पहिल्या दोन-तीन वर्षांत उतारा कमी येणार, हे धरून चाला. जो कुणी पहिल्याच वर्षी दुप्पट उत्पन्न सांगतो, त्याला त्याच्या वावरातला हिशेब मागा. जीवामृत जरूर करा, पण बादलीभर जीवामृत गाडीभर खताची जागा घेत नाही. आपल्या दोन गुंठ्यांना पाच क्विंटल शेणखत पुरे, पण ते पूर्ण कुजलेलं हवं. ओलं, कच्चं शेण टाकाल तर हुमणीला आमंत्रण. त्यात ट्रायकोडर्मा आणि हुमणीसाठी मेटारायझियम बुरशी मिसळून टाकावी. मागच्या हंगामात त्या जागी टोमॅटो किंवा वांगी नसावीत. ती बटाट्याचीच भावकी, आणि उशिराचा करपा टोमॅटोलाही सोडत नाही. हरभरा, वाटाणा, घेवडा यांच्यानंतरची जागा उत्तम.

आता करपा. पठारावर जुलै-ऑगस्टात धुकं, रिमझिम आणि गारवा असला की सकाळी पानाची खालची बाजू पाहा. काळपट डागाच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर तो उशिराचा करपा. एकदा तो पसरला की सेंद्रिय पद्धतीत त्याला थांबवणारं औषध नाही. हे कडू आहे, पण खरं आहे. जे करायचं ते आधी. सरी-वरंबा असा काढा की पाणी तुंबणार नाही. ओळीत दाटी करू नका. मागच्या हंगामाचे रानात राहिलेले बटाटे आपोआप उगवतात, ती झाडं उपटून टाका. बांधावर फेकलेला सडका माल पुरून टाका. या दोन गोष्टी एकाने केल्या आणि शेजाऱ्याने नाही, तर त्याच्या ढिगाऱ्यातून उडालेलं बीज तुमच्या पानावर येणारच. तेव्हा शेतीशाळेने एक दिवस सगळं शिवार फिरून अशी झाडं आणि ढीग साफ करावेत.

हवामान करप्याचं दिसू लागताच, रोग येण्यापूर्वी, एक टक्का बोर्डो मिश्रण फवारता येतं. शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवावेत, मग एकत्र करावेत. लोखंडी भांडं वापरू नये. तयार मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहा. तांबूस झाला तर चुना कमी पडला, थोडी निवळी आणखी घाला. सेंद्रिय शेतीत याला मर्यादित परवानगी आहे. तांबं जमिनीत साठून राहतं, म्हणून त्याचा सपाटा लावू नका. आणि एवढं करूनही करपा पसरला, तर वाट न पाहता पाला कापून प्लॉटबाहेर न्या, दहा-पंधरा दिवस थांबा, मग बटाटे काढा. रोग पाल्यावरून बटाट्यात उतरण्याआधी थांबवला तर निदान खालचा माल वाचतो.

पाकोळीची गोष्ट निराळी. ही कीड आपल्या मुलखातली नव्हे. १९०६ साली इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर ती मुंबई इलाख्यात उतरली. ती उघड्या पडलेल्या बटाट्याच्या डोळ्यावर अंडी घालते, अळी आत शिरते, आणि वखारीत काळी विष्ठा दिसू लागेपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही. उपाय सोपे आहेत, फक्त आळस चालत नाही. बेणे चार बोटं खोल लावा. महिन्याने भर लावा आणि बटाटे उघडे पडतील तेव्हा पुन्हा लावा. बटाटा मुळीला लागत नाही, जमिनीखालच्या खोडाच्या फांदीला लागतो. तिथं माती हवीच. जमिनीला भेगा पडू देऊ नका. एकरी आठ कामगंध सापळे लावा, पण लगतच्या शेतांनीही लावले तरच त्यांचा खरा गुण. काढलेला बटाटा रात्रभर शेतात उघडा ठेवू नका, आणि बटाट्याच्याच पाल्याने झाकू नका, कारण त्या पाल्यातच अळ्या असतात. अरण लावताना खाली आणि वर घाणेरीचा (काही गावांत टणटणी म्हणतात) किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला चुरून दीड बोट जाडीचा थर द्यावा. रब्बीचा माल उन्हाळाभर अरणीत राहतो, तेव्हा तर याची फार गरज.

शाळेत काचेच्या बरण्याही ठेवा. अळी लागलेली पानं बरणीत घालून तोंडाला फडकं बांधा आणि रोज पाहा. कधी अळी फुगते, कडक होऊन सुकते आणि तिच्यातून पाकोळीऐवजी डझनांनी बारीक माश्या बाहेर येतात. ती कोपिडोसोमा नावाची आपली मित्रकीड. पाकोळीच्या अंड्यात ती स्वतःचं एक अंडं घालते आणि त्या एकाची अनेक पिल्लं होतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस पंपाला हात घालण्यापूर्वी दोनदा विचार करतो. माझ्या दहा भाषणांनी ते होत नाही.

आणखी एक प्रयोग. लावणीनंतर महिन्याने पाच झाडांची चौथा हिस्सा पानं कात्रीने कापून टाका, काठी रोवून ठेवा आणि काढणीला त्यांचं वजन वेगळं करा. थोडी पानं खाल्लेली दिसली की धावत फवारायला हवं का, याचं उत्तर तराजू देईल.

भगिनींनो, शेतीशाळेत तुमची संख्या निम्मी तरी असावी, नुसती चहापुरती नव्हे. बेणे निवडणं, अरण लावणं, सडका माल वेगळा करणं ही कामं बहुतेक घरांत तुम्हीच करता. बचत गटाला परसबागेतही बटाटा शिकता येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जुन्या पोत्यात वीतभर माती व कुजलेलं खत भरून दोन-तीन कोंबाळलेले बटाटे लावा, खोड वाढेल तशी माती घालत जा, पाण्याचा निचरा होऊ द्या. पोत्यातून गोणीभर बटाटे निघत नाहीत, घरच्या भाजीपुरते निघतात. उन्हाळ्यात लावू नका. रात्री गारवा नसेल तर नुसता पाला वाढतो, खाली काही धरत नाही. हिरवट पडलेला बटाटा मुलांना खायला देऊ नका, तो विषारी असतो. गावच्या शाळेत अशी पाच पोती ठेवलीत तर गुरुजी नाही म्हणणार नाहीत.

विक्रीबद्दल. पहिल्या वर्षी सेंद्रिय म्हणून शिक्का मिळत नाही, त्याला रूपांतराचा काळ लागतो. पण केंद्र सरकारच्या पीजीएस इंडिया या पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करून प्रमाणपत्राच्या वाटेला लागू शकतो. शेतीशाळेतला गट हा त्यासाठी तयार गटच झाला. वर्षभर आठवड्याला भेटून एकमेकांची रानं पाहिलेली असतात.

हिशेबाची वही मात्र पहिल्या दिवसापासून लागते. गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीकडे किंवा मुलाकडे ती द्यावी. बेणे, खत, मजुरी, घरच्या माणसांचे दिवस, फवारण्या, दोन्ही प्लॉटचं वजन आणि त्यातला सडका माल, सगळं तिच्यात यावं. काढणीनंतर ग्रामसभेत ती वही मोठ्याने वाचावी, मग सेंद्रिय प्लॉट जिंको नाहीतर हरो. पुढच्या वर्षी चार गुंठ्यांचे आठ करायचे की पद्धत बदलायची, ते तिथं ठरवा.

त्यासाठी पहिली बैठक मेच्या मध्यावर घ्या. बेण्याची मागणी नोंदवायला, शेणखत कुजलंय का ते पाहायला आणि भुंगेऱ्यांच्या मोहिमेसाठी वाटण्या करायला तेवढे दिवस लागतात. येताना प्रत्येकाने गेल्या हंगामाचा बेण्याचा, खताचा आणि औषधाचा खर्च कागदावर लिहून आणावा. आकडा आठवत नसेल तर दुकानाच्या पावत्या आणाव्यात.